तुर्कस्तान आणि आर्मेनियाच्या विशेष दूतांना खुले पत्र : आधी मार्गाराचा पूल, आणि 1915 सौद्यात नको

प्रति,
श्री. सेर्दार किलिच, विशेष दूत, तुर्कस्तान
श्री. रूबेन रूबिन्यान, विशेष दूत, आर्मेनिया

महोदय,

तुमची सहावी बैठक 12 सप्टेंबर 2025 रोजी येरेवानमध्ये झाली. तिच्यासाठी किलिचसाहेब दोन देशांच्या सीमेवरचा मार्गाराचा पूल ओलांडून आले. सामान्य प्रवाशाला मात्र तो पूल बंद आहे. त्याने इस्तंबूलहून विमान पकडावे, नाहीतर जॉर्जियातून वळसा घालून यावे. दूतासाठी उघडणारी आणि त्याच्या मागे मिटणारी ही सीमा एप्रिल 1993 पासून अशीच आहे.

आमचे म्हणणे एकच आहे. सीमा, वकिलाती आणि रेल्वे हे एक काम. 1915 च्या वंशसंहाराचा प्रश्न हे दुसरे. ही दोन्ही एका करारात बांधू नका. 2009 मध्ये बांधली आणि दोन्ही बुडाली. मात्र वेगळी करायची म्हणजे दुसऱ्या कामावर माती टाकायची, असे नाही. त्याची वाट निराळी आहे, त्यावर चालणारी माणसे निराळी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी करायला तुमच्या वाटाघाटींची गरजच नाही.

आमची बाजू आधीच सांगून टाकतो. 24 एप्रिल 1915 ला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, लोकप्रतिनिधी यांची धरपकड झाली. 27 मे रोजी हद्दपारीचा कायदा आला. मग अनातोलियातून सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-अझ-झोरकडे माणसांचे तांडे हाकण्यात आले. हा वंशसंहार होता असे आम्ही मानतो, आणि या काळावर काम करणाऱ्या बहुसंख्य इतिहासकारांचेही मत तेच आहे. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत. दुसरी गोष्ट, आम्ही भारतीय आहोत, आणि भारत या प्रकरणात कोरडा राहिलेला नाही. पुण्याच्या एआरडीई संस्थेत विकसित झालेले पिनाक रॉकेट आर्मेनियाने विकत घेतले आहे. मे 2025 मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डात तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला. त्याच दिवसांत आर्मेनियन वंशसंहाराला भारताने मान्यता द्यावी अशी मागणीही जोर धरू लागली. मान्यता द्यायची तर सत्य म्हणून द्यावी. अंकाराला चिमटा काढायला दुसऱ्याच्या मढ्यावरचे कापड ओढू नये, असे आम्ही इथल्या आपल्या लोकांनाही सांगतो. आमचे पत्र या हिशेबानेच वाचा.

झुरिचपासून सुरुवात करू, कारण तुमच्या टेबलावर त्याची सावली अजून आहे.

10 ऑक्टोबर 2009 रोजी झुरिचमध्ये तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री अहमत दावुतोग्लू आणि आर्मेनियाचे एडवर्ड नाल्बांद्यान यांनी दोन दस्तऐवजांवर सह्या केल्या. हिलरी क्लिंटन, लावरोव्ह, कुशनेर, सोलाना सगळे हजर होते. सह्यांनंतर कोणी काय बोलायचे यावरून समारंभ सुमारे तीन तास रखडला. शेवटी कोणीच काही बोलायचे नाही, यावर तोडगा निघाला. तेव्हाच शंका यायला हवी होती. ज्या करारावर सही करणाऱ्यांना दोन वाक्ये एकमेकांसमोर बोलता येत नाहीत, तो करार संसदेत कसा टिकणार? पहिला दस्तऐवज राजनैतिक संबंधांचा होता, दुसरा बाकी सगळ्याचा. करार अंमलात आल्यावर दोन महिन्यांत सीमा उघडायची, सरकारी आयोग नेमायचा, त्याखाली उपआयोग नेमायचे. त्यातला एक 'ऐतिहासिक पैलूं'साठी. त्यात स्विस आणि इतर परदेशी तज्ज्ञही बसणार होते आणि दप्तरांची 'निःपक्षपाती शास्त्रीय तपासणी' करणार होते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

चुका कुठे झाल्या ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्या पुन्हा होऊ शकतात. सगळे दोन्ही संसदांच्या मंजुरीवर टांगले होते, आणि मंजुरीला मुदत नव्हती. म्हणजे पहिला कोण, या प्रश्नावर दोघांनाही कितीही वेळ बसता येत होते, आणि दोघेही बसले. एर्दोआन यांनी तर सह्यांच्या आधीच, मे 2009 मध्ये, अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत जाऊन, आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या काराबाख प्रदेशाचा प्रश्न सुटल्याशिवाय सीमा उघडणार नाही असे सांगून टाकले होते. झुरिचच्या कागदांत काराबाखचा उल्लेखही नव्हता. म्हणजे लिहिलेली अट एक आणि खरी अट दुसरीच. दुसरीकडे 12 जानेवारी 2010 ला आर्मेनियाच्या घटना न्यायालयाने करार घटनेशी सुसंगत ठरवला, पण एक पाचर मारून. त्याचा अर्थ स्वातंत्र्याच्या घोषणापत्राच्या अकराव्या कलमाविरुद्ध लावता येणार नाही, असे म्हटले. त्या कलमात ऑटोमन तुर्कस्तान आणि 'पश्चिम आर्मेनिया'तील 1915 च्या वंशसंहाराला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवण्याच्या कार्याला पाठिंबा आहे. 'पश्चिम आर्मेनिया' हे शब्द वाचून अंकाराला त्यात सीमेवरचा दावा दिसला. इतिहासाच्या उपआयोगातून वंशसंहाराचा प्रश्न खुला राहील अशी तुर्की बाजूची आशा होती, तीही निकालाने मावळली. 22 एप्रिल 2010 ला आर्मेनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सर्झ सार्गस्यान यांनी मंजुरीची प्रक्रिया थांबवली. फेब्रुवारी 2015 मध्ये कागद संसदेतून परत घेतले आणि 1 मार्च 2018 रोजी रद्दबातल ठरवले. आठ वर्षे भिजत पडलेल्या घोंगड्याचा हा शेवट.

एक गोष्ट मात्र अंकारात आणि येरेवानमध्ये फारशी बोलली जात नाही. सह्यांच्या आधी ऑक्टोबर 2009 मध्येच सार्गस्यान पॅरिस, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बैरूत असे फिरले, डायस्पोरातल्या, म्हणजे जगभर विखुरलेल्या, आर्मेनियनांना समजावायला. ठिकठिकाणी निदर्शने झाली. याचे कारण केवळ भावनिक नव्हते. 1915 मधून वाचलेल्यांची बरीचशी वंशावळ आजच्या आर्मेनियात नाही. ती लेबनॉनमध्ये, सीरियात, फ्रान्समध्ये, कॅलिफोर्नियात आहे. आर्मेनियाचे सरकार सीमा उघडू शकते, राजदूत नेमू शकते. बैरूतमधल्या नातवाच्या वतीने क्षमा करण्याचा किंवा हक्क सोडण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. रूबिन्यानसाहेब, जी गोष्ट तुमची एकट्याची नाही ती तुम्ही देऊ शकत नाही. आणि किलिचसाहेब, ती त्यांच्याकडून मागून तुमच्याही हाती काही लागणार नाही. दोन विषय वेगळे ठेवा असे आम्ही म्हणतो त्याचे मूळ इथे आहे.

आता आधी काय करता येईल ते.

राजनैतिक संबंधांना संसदेची गरज नाही. तुर्कस्तानने 16 डिसेंबर 1991 रोजीच आर्मेनियाच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली आहे. 1961 च्या व्हिएन्ना कराराचे दुसरे कलम सांगते की राजनैतिक संबंध परस्पर संमतीने प्रस्थापित होतात. दोन परराष्ट्र मंत्रालयांनी एकाच मजकुराच्या दोन टिपणांची देवाणघेवाण केली की काम होते. त्या मजकुरात तीनच वाक्ये असावीत. संबंध अमुक तारखेपासून सुरू, दोन्ही देश एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेचा आदर करतात, आणि आरंभी प्रभारी राजदूत नेमले जातील. इतिहास नाही, काराबाख नाही, व्यापार नाही. इस्तंबूलमध्ये काळ्या समुद्राच्या आर्थिक सहकार्य संघटनेत आर्मेनियाचा प्रतिनिधी आजही बसतो. त्या कार्यालयाला वाणिज्यदूताचे अधिकार देण्यापासून सुरुवात झाली तरी इस्तंबूलमध्ये काम करणाऱ्या आर्मेनियाच्या नागरिकांचे पासपोर्टाचे, जन्मनोंदीचे हाल कमी होतील.

इथे अंकारातून प्रश्न येईल, सीमेचे काय? ही सीमा आखणाऱ्या 1921 च्या कार्स तहाला आर्मेनियाने स्पष्ट शब्दांत दुजोरा द्यावा, ही जुनी मागणी. आमच्या मते तिच्यावर घोडे अडवून ठेवण्यात अर्थ नाही. राज्ये बदलली तरी तहाने आखलेली सीमा बदलत नाही, हे राज्य-उत्तराधिकाराविषयीच्या 1978 च्या व्हिएन्ना करारात अकराव्या कलमात लिहिलेले आहे, आणि तो रूढ कायदा मानला जातो. आर्मेनियाने कार्सचा तह कधी रद्द केलेला नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून तर त्यांनी पासपोर्टावरच्या प्रवेश-शिक्क्यातून तुर्कस्तानच्या हद्दीतला अरारात पर्वतही काढला. यासाठी पंतप्रधान पशिन्यान यांना घरात किती शिव्या खाव्या लागल्या हे अंकाराने लक्षात घ्यावे. आणखी एक प्रतिज्ञापत्र मागून हाती काही पडणार नाही. येरेवानमधल्या विरोधकांना आयते कोलीत तेवढे मिळेल.

आता मार्गारा. तुर्की बाजूला या नाक्याला अलिजान म्हणतात. खाली आरास नदी. 1 जुलै 2022 ला व्हिएन्नाच्या चौथ्या बैठकीत तुम्ही दोघांनी ठरवले की तिसऱ्या देशांच्या नागरिकांसाठी ही सीमा 'शक्य तितक्या लवकर' उघडायची. तीन वर्षे उलटून गेली तरी ते 'लवकर' आलेले नाही. आर्मेनियाने आपल्या बाजूचा नाका दुरुस्त करून ठेवला आहे. आणि पूल चालतो याचा पुरावा दोनदा मिळाला आहे. 11 फेब्रुवारी 2023 ला भूकंपग्रस्तांसाठी आर्मेनियाचे पाच ट्रक यावरून आदियामानकडे गेले, तीस वर्षांत पहिल्यांदा. मार्च 2025 मध्ये सीरियाला मदत पाठवण्यासाठी पूल काही दिवस पुन्हा उघडला. म्हणजे पुलाची ताकद, जकात, सुरक्षा या सबबी तितक्या भक्कम नाहीत.

खरी गुंतागुंत वेगळ्या ठिकाणी आहे आणि ती आधीच सोडवून ठेवली नाही तर पहिल्याच आठवड्यात बखेडा होईल. 'तिसऱ्या देशाचा नागरिक' म्हणजे व्यवहारात कोण? इराणी, जॉर्जियन, युरोपीय पर्यटक हे झालेच. पण त्यांच्याबरोबर फ्रेंच आणि अमेरिकन पासपोर्ट बाळगणारे डायस्पोरातले आर्मेनियन, ज्यांना वान, खारपुट, कार्स पाहायचे आहे. त्यांच्यातल्या काहींकडे आर्मेनियाचेही नागरिकत्व आहे, काहींच्या पासपोर्टावर जन्मस्थान येरेवान आहे. नाक्यावरचा शिपाई जन्मस्थान पाहून माणूस परत पाठवू लागला, की दुसऱ्या दिवशी ती बातमी जगभर. म्हणून नियम एका ओळीचा असावा. जो पासपोर्ट पुढे केला त्याचे नागरिकत्व धरायचे, बाकी काही विचारायचे नाही. हा नियम दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि व्हिसाच्या संकेतस्थळावरही छापा.

सुरुवात लहान ठेवा. आधी फक्त पायी प्रवासी आणि खासगी मोटारी, दिवसा, ठरलेल्या तासांत. मोटारीच्या विम्याला दोन्ही बाजूंनी मान्यता देणारे छोटे पत्र लागेल. ते नसेल तर पहिला साधा अपघात राजनैतिक प्रकरण बनेल. दोन नाक्यांच्या प्रमुखांमध्ये थेट फोन असावा, अंकारा-येरेवान फिरून येणारा नव्हे. आर्मेनियाच्या बाजूला 1992 च्या करारानुसार रशियन सीमारक्षक होते, अलीकडे तिथे आर्मेनियन जवानही उभे राहू लागले आहेत. पुलावरची तपासणी पूर्णपणे आर्मेनियन गणवेशातल्या माणसाने केली तर तुर्की बाजूचा एक आक्षेप आपोआप गळून पडेल. तुर्की बाजूला सीमेलगत जुने सुरुंग आहेत. पूर्व सीमेवर ते काढण्याचे काम गेली काही वर्षे चालू आहे. नाक्याच्या रस्त्यालगतचा पट्टा आधी साफ झाल्याचे लेखी प्रमाणपत्र घ्या, मग बाकीच्यावर बोला.

ट्रकचे काम याहून किचकट आहे, आणि इथे घाई नको. 1 जानेवारी 2022 पासून आर्मेनियाने तुर्की मालावरची बंदी उठवली. तरी बराचसा माल जॉर्जियातून फिरूनच येतो. आर्मेनिया 2015 पासून रशियाप्रणीत युरेशियन आर्थिक संघात आहे, तुर्कस्तानचा युरोपीय संघाशी जकात-संघ आहे. म्हणजे आर्मेनियाला तुर्की टोमॅटोवर स्वतःचा वेगळा कर बसवता येत नाही, दर संघाचा. उद्या पूल ट्रकांना उघडला तर आरारात खोऱ्यातला शेतकरी इग्दिरच्या शेतकऱ्याशी थेट स्पर्धेत येईल, आणि संरक्षणासाठी येरेवानला संघाच्या दारात जावे लागेल. म्हणून आधी फक्त पारगमन उघडा. मोहरबंद ट्रक, तुर्कस्तानातून आर्मेनियामार्गे जॉर्जिया किंवा इराणला आणि उलट. दोन्ही देश मोहरबंद ट्रकांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या टीआयआर करारात आहेत, त्यामुळे कागद तयार आहेत. थेट आयात-निर्यात दुसऱ्या टप्प्यात, हंगाम पाहून. नाक्यावर पहिल्या दिवशी वजनकाटा, वनस्पती-तपासणीची खोली आणि शीतगृह नसेल तर भाजीपाल्याचे ट्रक उघडूच नका. सडलेला माल पाहून माणूस सीमेलाच शिव्या देतो.

रेल्वेबद्दल थोडक्यात. तुर्कस्तानातले कार्स आणि आर्मेनियातले ग्युमरी यांना जोडणारा मार्ग 1993 पर्यंत चालत होता. तुर्की रुळांची रुंदी 1435 मिलिमीटर, आर्मेनियाच्या रुळांची 1520. 85 मिलिमीटरचा हा फरक ग्युमरीजवळच्या आखुर्यान स्थानकात डब्यांची चाके बदलून पूर्वी सांभाळला जात असे. जॉर्जियात आखालकालाकीला बाकू-तिबिलिसी-कार्स मार्गावर आजही असेच होते, त्यामुळे हे तंत्र तुर्की रेल्वेला नवे नाही. अडचण मालकीची आहे. आर्मेनियाची रेल्वे 2008 पासून तीस वर्षांच्या कराराने रशियन रेल्वेच्या कंपनीकडे आहे, म्हणजे ग्युमरीकडच्या रुळांचा खिळाही मॉस्कोच्या सहीशिवाय हलत नाही. दरम्यान 22 ऑगस्ट 2025 ला तुर्कस्तानने कार्स-इग्दिर-दिलुजू या 224 किलोमीटरच्या नव्या मार्गाचे भूमिपूजन केले, अझरबैजानच्या नखचिवानकडे जाण्यासाठी. असलेले रूळ गंजत ठेवून नवे टाकायचे हा हिशेब आम्हाला कळत नाही. निदान कार्सच्या यार्डाची आखणी करताना ग्युमरीकडचा फाटा नकाशात ठेवा.

संबंध नसतानाही काम चालते याचे उदाहरण हवे असेल तर आखुर्यान नदी पाहा, जिला तुर्कीत आर्पाचाय म्हणतात. 1927 मध्ये सोव्हिएत संघ आणि तुर्कस्तानने तिचे पाणी निम्मे-निम्मे वाटून घेतले. पुढे संयुक्त धरण झाले, साठवण सुमारे 52 कोटी घनमीटर. सीमा बंद झाली, दोन युद्धे झाली, पण धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे ठरवायला दोन्ही बाजूंचे अभियंते भेटत राहिले. ना राजदूत, ना संसद. पाणी मोजणारी माणसे आणि एक तक्ता. नाक्यांसाठीही अशीच कायमची तांत्रिक समिती नेमा, जी तुमच्या दोघांच्या बैठका रखडल्या तरी दर महिन्याला भेटेल.

बाकूचा प्रश्न टाळून चालणार नाही, पण त्याला हवा तितकाच वेळ द्यावा. 1993 मध्ये सीमा बंद झाली ती अझरबैजानचे केलबजार आर्मेनियन सैन्याच्या हाती गेले म्हणून. केलबजार 25 नोव्हेंबर 2020 ला अझरबैजानला परत मिळाले. सप्टेंबर 2023 मध्ये काराबाखमधले एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून निघून गेले. 8 ऑगस्ट 2025 ला वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया-अझरबैजान शांतता कराराच्या मजकुरावर आद्याक्षरे झाली. बंदीचे मूळ कारण संपले, तरी बंदी आहे, कारण आता बाकूची अट बदलून आर्मेनियाच्या घटनादुरुस्तीपर्यंत गेली आहे. घटना बदलायची म्हणजे जनमत घ्यायचे. अंकाराने आपल्या सीमेची किल्ली बाकूच्या हाती आणि त्यातून येरेवानच्या मतपेटीत ठेवली आहे, हे किलिचसाहेबांना आमच्याहून चांगले माहीत असेल. संपूर्ण सीमा नाही उघडायची तर नका उघडू. पण फ्रेंच पर्यटकाने पूल ओलांडल्याने अझरबैजानचे काहीही बिघडत नाही.

आता दुसरी वाट.

2005 मध्ये एर्दोआन यांनी आर्मेनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कोचार्यान यांना इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमू असे पत्र लिहिले. तेव्हापासून ही सूचना दर काही वर्षांनी डोके वर काढते. ती कृपया पुन्हा टेबलावर आणू नका. दोन सरकारांनी नेमलेला आयोग एकमताने निकाल देणार नाही, आणि बहुमताने दिला तर हरलेली बाजू तो मानणार नाही. शिवाय प्रश्न अनिर्णित आहे असा देखावा त्यातून उभा राहतो. घटनेचा बराचसा पुरावा ऑटोमन राज्याच्याच हातचा आहे. 1919-20 मध्ये इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयांनी 1915 मध्ये सत्तेवर असलेल्या तलात, एन्व्हर आणि जेमाल यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. बोआझलियानचा कायमकाम (जिल्ह्याचा प्रशासक) मेहमेद केमाल याला 10 एप्रिल 1919 ला फाशीही झाली. हे खटले विजेत्या राष्ट्रांच्या दबावाखाली झाले असा तुर्की आक्षेप आहे. दबाव होता. पण साक्ष देणारे ऑटोमन अधिकारी होते आणि पुढे ठेवलेल्या तारा ऑटोमन तारखात्यातल्याच होत्या.

कायद्याच्या बाजूने तर एक बरे उत्तर पडून आहे. 2001 मध्ये बनलेल्या तुर्की-आर्मेनियन समेट आयोगाने एका आंतरराष्ट्रीय संक्रमणकालीन न्याय केंद्राकडून मत मागवले. 2003 च्या त्या मताचा निष्कर्ष दोन भागांत होता. वंशसंहाराविषयीच्या 1948 च्या करारातल्या व्याख्येचे सर्व घटक 1915 च्या घटनांत दिसतात. आणि तो करार पूर्वलक्षी नाही, त्यामुळे त्याच्या आधारे जमीन वा भरपाईचा कायदेशीर दावा उभा राहत नाही. पहिला भाग येरेवानने उचलला, दुसरा अंकाराने उचलला नाही. खरे तर वंशसंहार म्हटले की कार्स आणि वान मागतील, या शंभर वर्षांच्या तुर्की भीतीला त्या दुसऱ्या भागात उत्तर आहे. किलिचसाहेब, हा अहवाल तुमच्या मंत्रालयाने तुर्कीत छापून टाकला तरी मोठे काम होईल.

मग राज्याने काय करायचे? शब्दावर एकमत होण्याची वाट न पाहता करता येतील अशा गोष्टी आहेत.

दप्तरे उघडी आहेत असे अंकारा सांगते. इस्तंबूलचे ऑटोमन अभिलेखागार संशोधकांना उघडे आहे, हे खरे. पण जमीन-नोंदींची जुनी दप्तरे खुली करू नयेत असा सल्ला 2005 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कार्यालयाने दिला होता. नेमकी तीच दप्तरे लागतात, कारण हद्दपार झालेल्यांच्या मालमत्तेसाठी 10 जून 1915 ला नियम आणि 26 सप्टेंबर 1915 ला कायदा झाला. 'सोडून दिलेली मालमत्ता' असे म्हणून त्यात घरे, दुकाने, शेते नोंदवून वाटली गेली. 1927 च्या कायद्याने परत न आलेल्यांचे नागरिकत्वही काढले. कोणाचे घर कोणाला गेले हे त्या नोंदींत आहे. ती उघडल्याने मालकी फिरत नाही, हे वर सांगितलेच. पण नातवाला पणजोबाच्या घराचा गट नंबर मिळतो. बोस्टनजवळ असलेल्या दाश्नाक या जुन्या आर्मेनियन पक्षाच्या अभिलेखागाराबद्दल आणि जेरुसलेमच्या आर्मेनियन धर्मपीठाच्या दप्तराबद्दल तुर्की इतिहासकारांचीही तक्रार आहे, तीही रास्त आहे. ती सरकारी नाहीत, तरी रूबिन्यानसाहेब, येरेवानने शब्द टाकला तर दारे किलकिली होतील.

तुर्की दंडसंहितेचे कलम 301 'तुर्की राष्ट्राचा अपमान' करणाऱ्याला शिक्षा देते. इस्तंबूलच्या आर्मेनियनांच्या 'आगोस' साप्ताहिकाचे संपादक ह्रांत दिंक यांना त्याच आरोपाखाली दोषी ठरवले गेले, आणि 19 जानेवारी 2007 ला इस्तंबूलमध्ये त्यांच्या कार्यालयाच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 14 सप्टेंबर 2010 च्या निकालात तुर्कस्तानने त्यांच्या जिवाचे रक्षण केले नाही असे म्हटले. दिंक दोन्ही बाजूंना टोचत. तुर्कांना नकाराबद्दल, डायस्पोराला तुर्कद्वेषाबद्दल. त्यांच्या नावाची संस्था आज तुर्कस्तान-आर्मेनिया संशोधक आणि विद्यार्थ्यांची देवाणघेवाण चालवते. कलम 301 चा 1915 वरील लिखाणासाठी वापर करणार नाही, एवढे परिपत्रक न्याय मंत्रालयाने काढले तर तुमच्या सहा बैठकांपेक्षा ते जास्त ऐकू जाईल. 2003 मध्ये तुर्की शिक्षण मंत्रालयाने वंशसंहार नाकारणाऱ्या निबंधांची स्पर्धा घ्या असे परिपत्रक शाळांना काढले होते, आणि त्या वर्गांत इस्तंबूलच्या आर्मेनियन शाळांची मुलेही होती. परिपत्रकाने बिघडलेले परिपत्रकानेच सुधारावे.

24 एप्रिलचे काय करायचे? 23 एप्रिल 2014 ला एर्दोआन यांनी मृतांच्या नातवंडांना सांत्वन देणारे निवेदन काढले, नऊ भाषांत, त्यात पूर्व आणि पश्चिम आर्मेनियनही. तोवर एवढेही कोणी केले नव्हते. पण इस्तंबूलमध्ये 2010 पासून उघड्यावर होणाऱ्या स्मरणसभांना अलीकडे परवानगी नाकारली जाते. सांत्वन करायचे आणि रडायला जागा द्यायची नाही, हे जमत नाही. सभेला परवानगी द्यायला आर्मेनियाशी करार लागत नाही. इस्तंबूलच्या राज्यपालांची सही पुरते.

येरेवानच्या बाजूनेही अशा ठिणग्या पडतात. एप्रिल 2023 मध्ये शहराने 'नेमेसिस' मोहिमेतल्या मारेकऱ्यांचे स्मारक उभारले, ज्यांनी 1921-22 मध्ये तलात आणि इतरांना ठार केले होते. तुर्कस्तानने तिसऱ्या देशांत जाणाऱ्या आर्मेनियन विमानांना आकाश बंद केले. स्मारक महापालिकेचे, शिक्षा प्रवाशांना. पशिन्यान यांनी नंतर तो निर्णय चुकीचा होता असे म्हटले, पण तोवर भूकंपाच्या वेळी कमावलेले बरेचसे गेले होते. तुर्की मुत्सद्द्यांच्या घरात 1973 च्या सांता बार्बरातल्या हत्येपासून 'आसाला' या सशस्त्र आर्मेनियन संघटनेच्या काळापर्यंत गेलेल्यांच्या आठवणी आहेत. ते दुःख खरे आहे. 1915 च्या तागडीत टाकायला मात्र ते वापरू नये, तसे केल्याने दोन्हींचा अपमान होतो. अशा प्रसंगांसाठी तुमच्यात आधीच एक समजूत लेखी असावी. स्मारक, झेंडा जाळणे, मंत्र्याचे भाषण यांचा निषेध निषेधानेच होईल. विमाने, पूल आणि व्हिसा त्यात ओढले जाणार नाहीत.

सीमेवरच्या, तुर्कस्तानातल्या आनीबद्दल एक गोष्ट. बाग्रातुनी या मध्ययुगीन आर्मेनियन राजांच्या या राजधानीला 2016 पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, पण फलकांवर आर्मेनियन हे नाव वर्षानुवर्षे टाळले गेले. आखुर्यानवरचा तिथला मध्ययुगीन पूल संयुक्तपणे दुरुस्त करायचे फेब्रुवारी 2023 मध्ये आर्मेनियाचे परराष्ट्रमंत्री मिर्झोयान यांच्या अंकारा भेटीत ठरले आहे. दुरुस्ती सुरू करताना दोन्ही बाजूंचे स्थापत्यतज्ज्ञ एकाच नोंदवहीत सह्या करतील असे पाहा, आणि फलक तुर्की, आर्मेनियन, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत, राजांच्या नावांसकट लावा. पुलाचा मधला कमानीचा भाग कोसळलेला आहे. तो नव्याने उभारायचा की अवशेष जपायचे, यावर युनेस्कोचे मत आधी घ्या, नाहीतर दर्जावर प्रश्न येईल.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या संयुक्त निवेदनात 'पूर्वअटींशिवाय प्रक्रिया पुढे नेण्याचा निर्धार' हे वाक्य येईलच, ते 2022 पासून येते आहे. आमची विनंती आहे की त्याच्या खाली तीन ओळी घालाव्यात : मार्गारा-अलिजान नाका तिसऱ्या देशांच्या नागरिकांना कोणत्या तारखेपासून, कोणत्या तासांत खुला होईल, नाक्यांच्या तांत्रिक समितीत प्रत्येक बाजूचे कोण असेल, आणि तारीख हुकली तर तीस दिवसांत कोण, कोणाला, कशामुळे हुकली ते लेखी कळवेल.

आपले,
दक्षिण कॉकेशस आणि तुर्कस्तानचे काही मराठी अभ्यासक